आकाशातील हाक

ज्या घरातील कोणीच विमानाने दूर गेलेले नाही, अशी घरे आपल्या धर्मग्रामात आता थोडीच उरली असतील. कोणी नोकरीसाठी आखातात, कोणी धर्मभगिनी म्हणून आफ्रिकेत. विमान ढगांआड गेले की मागे राहिलेल्यांनी जपमाळ हाती घेऊन फोनची वाट पाहायची, हा जुना रिवाज.

हौशी रेडिओप्रेमींनी या वाट पाहण्याला नवी सोबत दिली आहे. आजची बहुतेक प्रवासी विमाने उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ओळखतात आणि ते उंची व वेगासह १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रक्षेपित करतात. जो ऐकेल त्याच्यासाठी ती हाक असते. छत्रपती संभाजीनगरातील आमच्या गच्चीवर छोटी अँटेना, टीव्हीसाठी बनविलेला स्वस्त रिसीव्हर आणि संगणक एवढ्याच साहित्यावर मुंबईहून नागपूर-कोलकात्याकडे निघालेली विमाने पडद्यावर सरकताना आम्ही पाहतो. या लहरी सरळ रेषेत जातात. त्यामुळे उंचावरील विमान दोनशे किलोमीटरवरूनही ऐकू येते. दूरचे विमान खाली उतरू लागले की मात्र क्षितिजाआड मुके होते.

त्या क्षणी काळजात चर्र होते. २६ एप्रिल १९९३ ची दुपार हे शहर विसरलेले नाही. मुंबईकडे झेपावणारे इंडियन एअरलाइन्सचे बोईंग विमान धावपट्टीपलीकडील बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. ११८ जणांपैकी ५५ दगावले. विमान उचलण्यास झालेल्या उशिराबरोबर, रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचाही ठपका चौकशीत ठेवला गेला. विमान कोठे आहे हे सर्वांना दिसत होते. जमिनीवरच्या ट्रककडे लक्ष द्यायचे राहून गेले.

हौशी रेडिओचालक संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांना आपले आश्रयदाते मानतात. पोलंडमधील आपल्या मठात १९३८ साली त्यांनी रेडिओ केंद्र सुरू केले. परंतु त्यांच्या ऐकण्याची खरी कसोटी १९४१ साली आउशवित्झच्या छळछावणीत लागली. मृत्यूसाठी निवडलेला एक कैदी बायकामुलांसाठी आक्रोश करीत होता. तो ऐकून फादर कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्याच्या जागी मरण पत्करते झाले.

आकाशातील मुलाचा ठावठिकाणा आम्हांस क्षणोक्षणी कळतो. त्याचे वृद्ध आईवडील आपल्याच गल्लीत एकटे बसले आहेत, हे कळण्यास अँटेना लागत नाही. मिस्सा आटोपून घरी परतताना त्यांच्या दारावर थाप मारावी, एवढेच पुरे.