जुन्या नौकेची परीक्षा

जुनी वस्तु पारखतांना मनुष्य प्रथम तिचें वय विचारतो, आणि मग ती किती वापरली गेली हें विचारतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारांत शिवणयंत्रापासून सायकलीपर्यंत सारे व्यवहार याच दोन प्रश्नांवर चालतात, आणि ‘अगदीं थोडी वापरलेली आहे’ हें विक्रेत्याचें अखेरचें अस्त्र असतें. माझे एक स्नेही, सेवानिवृत्त इंजिनीयर, हींच दोन मापें घेऊन शिडाची नौका विकत घ्यावयास निघाले आहेत. आयुष्याच्या पुंजीपैकीं बराच भाग तींत जावयाचा आहे, आणि पुढें पतिपत्नी उभयतांचा जीव तिच्यावर अवलंबून राहावयाचा आहे. गोव्यास ते दोन नौका पाहून आले. एकीनें फारसा समुद्र पाहिलेला नाहीं. दुसरीनें पुष्कळ पाहिला आहे. “वापरानें झीज होते, हा यंत्रशास्त्राचा पहिला धडा,” असें म्हणून त्यांनीं पहिलीच घेण्याचें मनांत योजिलें आहे. मला तें पटत नाहीं. आणि कां पटत नाहीं हें सांगण्यासाठीं ज्यांचें चरित्र सर्वांस ठाऊक आहे अशा दुसऱ्याच दोन नौकांची तुलना करणें बरें.

पठारावरच्या माणसानें समुद्राच्या गोष्टी सांगाव्या याचें वाचकांनीं नवल मानूं नये. आमच्याच जिल्ह्यांत अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत तीन डोलकाठ्यांचें गलबत रंगविलेलें आहे. अजिंठ्याच्या चित्राच्या आधारें गोव्यांत फळ्या काथ्यानें शिवून ‘कौंडिण्य’ नांवाचें जहाज बांधण्यांत आलें, आणि २०२५ सालीं तें नौदलांत दाखल झालें. तें बांधून घेणारे रत्नाकर दांडेकर यांनींच त्यापूर्वीं मांडवीच्या पात्रांतील दिवाडी बेटावर ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौका घडविल्या होत्या. मला बोलावयाचें आहे तें या दोघींविषयीं.

दोघी सख्ख्या बहिणी. आराखडा एकच, हॉलंडमधील व्हॅन डी स्टाड्ट यांचा. लांबी ५६ फूट, लांकडाच्या गाभ्यावर काचतंतूंचें कवच, आणि डोलकाठी सुमारें २५ मीटर उंच. मुंबईस बांधलेल्या ज्या ‘सुहेली’वरून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं १९६८-६९ मध्यें एकट्यानें, कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ३२ फुटांची होती. आपल्या नौदलाची ‘तरंगिणी’ हें तर तीन डोलकाठ्यांचें मोठें जहाज. या बहिणी मधल्या आकाराच्या: एकट्या माणसास महत्प्रयासानें कां होईना, हांकतां येतील इतक्या लहान, आणि सहा जणींस महिनोंमहिने राहतां येईल इतक्या मोठ्या.

म्हादेई २००९ सालीं नौदलांत आली. तिच्यामागें व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना होती. शिडाची असली नौका बांधण्याचा पूर्वानुभव दांडेकरांच्या कारखान्यास नव्हता, आणि एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केलेला भारतीयहि तोंवर कोणी नव्हता. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून निघाले आणि चार बंदरें घेऊन २०१० च्या मे महिन्यांत परतले. पुढें १ नोव्हेंबर २०१२ रोजीं अभिलाष टॉमी त्याच नौकेंतून एकटेच गेले, आणि वाटेंत एकाहि बंदरास न लागतां ३१ मार्च २०१३ रोजीं परत आले. म्हादेई तेव्हां नवी नव्हती. किंबहुना एकदां पृथ्वीभोंवतीं जाऊन आलेली म्हणूनच तिच्यावर दुसऱ्यानें इतका भरंवसा टाकला, असें मला वाटतें.

तारिणी २०१७ सालची. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पांच सहकारी तींतून १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून निघाल्या. या सहा जणींनीं समुद्राचे धडे गिरविले ते मात्र म्हादेईवर. थोरलीच्या झिजलेल्या दोरांनीं धाकटीचे नाविक तयार केले. परतीच्या वाटेवर हिंदी महासागरांत तारिणीच्या सुकाणूच्या यंत्रणेंत बिघाड झाला आणि मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत थांबणें प्राप्त झालें. दुरुस्ती झाली, आणि २१ मे २०१८ रोजीं ती गोव्यास पोंचली. बाजारच्या हिशेबानें येथें तिची किंमत उतरावयास हवी होती. परंतु २ ऑक्टोबर २०२४ रोजीं लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच तारिणी घेऊन पुन्हां निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजीं प्रदक्षिणा पुरी करून आल्या.

आतां या दोघींत सरस कोणती? दूरच्या सफरीस एकच निवडावयाची झाल्यास मी तारिणी निवडीन. पण ती वयानें लहान म्हणून नव्हे. म्हादेईवर जें कळलें तें तिच्या पाठीशीं आहे, आणि तिचें स्वतःचें एक दुखणें भर समुद्रांत उघड होऊन बरें झालेलें आहे.

माझ्या स्नेह्यांच्या मापांत न बसणारी गोष्ट ती हीच. बंदरांत पडून राहिलेली नौका तरुण राहत नाहीं. शिडें नुसत्या उन्हानेंहि जीर्ण होतात, यंत्र न चालल्यानें गंजतें, काचतंतूंच्या कवचांत पाणी मुरतें. आणि हें सर्व कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण तिच्यावर कोणी जीव टाकलेला नसतो. फिरलेली नौका तितकीच चांगली असें मात्र कोणी समजूं नये. डोलकाठीस ताणून धरणाऱ्या पोलादी दोरांना वारंवारच्या ताणानें थकवा येतो, आणि ते वेळेवर बदलले नाहींत तर एका वादळांत डोलकाठीच जाते. म्हणून मैलांचा आंकडा एकटा दोन्हीकडून फसवितो. काय मोडलें, केव्हां मोडलें, कोणीं व कसें नीट केलें, हे प्रश्न खरे.

तेव्हां स्नेह्यांस मीं एवढेंच सुचविलें आहे कीं, पुन्हां गोव्यास जाल तेव्हां दोन्ही मालकांपाशीं दुरुस्तीची वही मागा. जिची वही कोरी निघेल, तिची किंमत आधीं कमी धरा.