सेंट ओलाफच्या टेकडीवर

विद्या अंगीं असणें निराळें आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरवितां येणें निराळें, हा भेद आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो. तेव्हां कोणी स्वतः उत्तम करून दाखवितो, कोणास शिकविण्याची हातोटी असते, आणि ज्याच्या ठायीं हीं दोन्ही असतील तोच शिक्षकांत अग्रगण्य, असा अभिप्राय परिव्राजिका देते. संगीताच्या प्रांतांत हे दोन गुण एकत्र आणण्याचा उद्योग करणारें एक विद्यालय गेल्या वसंतांत मला अमेरिकेंत पाहावयास मिळालें. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

मिनेसोटा राज्यांतील मिनीआपोलिस शहरीं माझी धाकटी बहीण राहते. तिची कन्या नॉर्थफील्ड येथील सेंट ओलाफ कॉलेजांत संगीतशिक्षणाच्या शेवटच्या वर्षास होती. मुलगी हुशार; तिनें वैद्यक घ्यावें अशी वडिलांची इच्छा. तिनें मात्र शाळेंत गाणें शिकविण्याचा निश्चय धरला, आणि तोही ख्रिस्ती संस्थेंत जाऊन! माझ्या मेहुण्यांस दोन चिंता होत्या. एवढें जबर शुल्क भरून शेवटीं मास्तरकीच करावयाची ना, ही पहिली. पोर घरच्या वळणाची राहील कीं नाहीं, ही दुसरी. “दादा, तुम्हीं सारा जन्म शाळेंत घालविलात. एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून या,” असें ते मला म्हणाले.

नॉर्थफील्ड हें मिनीआपोलिसच्या दक्षिणेस सुमारें ४० मैलांवर, कॅनन नदीच्या कांठीं वसलेलें आहे. ‘गाई, कॉलेजें आणि समाधान’ असें या गांवाचें बिरुद. १८७६ सालीं जेसी जेम्सच्या टोळीनें येथील बँकेवर दरोडा घातला, तेव्हां हेवूड नांवाच्या कारकुनानें प्राण दिला पण तिजोरी उघडली नाहीं. त्याचें स्मरण गांव दरवर्षीं करतें. गांवांत कॉलेजें दोन. १८६६ सालचें कार्लटन, आणि १८७४ सालीं नॉर्वेहून आलेल्या लूथरपंथी लोकांनीं स्थापिलेलें सेंट ओलाफ. हें दुसरें टेकडीवर आहे. मी टेकडी चढलों तेव्हां एप्रिल उजाडला होता, तरी झाडांच्या बुंध्यांशीं बर्फ शिल्लक होतें.

या परक्या मुलखांत गाण्याचें रोप लावणारा पुरुष म्हणजे एफ्. मीलिअस ख्रिस्तिआन्सेन. जन्म नॉर्वेंत १८७१ सालीं. १९०३ मध्यें तो येथें शिक्षक म्हणून आला व १९१२ सालीं त्यानें सेंट ओलाफ गायकवृंद उभा केला. सुमारें पाऊणशें विद्यार्थी, वाद्याची साथ नाहीं, आणि चार किंवा अधिक निरनिराळ्या स्वरपंक्ती एकाच वेळीं चाललेल्या. आपलें गाणें एकट्याचें. गवयाच्या गळ्याची ओळख पटणें हेंच त्याचें भूषण. येथें उलट, शेजाऱ्याच्या आवाजांत आपला आवाज विरून जावा यासाठीं सारी खटपट. एका वृंदाच्या तालमीस मी बसलों होतों. चालकानें पुनःपुन्हां सांगितलें तें एवढेंच, कीं गाण्याआधीं ऐका.

लूथरपंथीयांत संगीतास एवढा मान कां, याचें मूळ त्यांच्या आद्य पुरुषापाशींच आहे. ज्या शाळामास्तरास गातां येत नाहीं त्याच्याकडे आपण पाहणार नाहीं, असें मार्टिन लूथरचें मत सांगतात. थोर संगीतकार बाख यानेंही १७२३ पासून मृत्यूपर्यंत लाइप्झिगच्या सेंट थॉमस शाळेशीं निगडित राहून मुलांस गाणें शिकविलें.

अभ्यासक्रम चार वर्षांचा व कष्टाचा आहे. स्वतःचा गळा किंवा वाद्य तयार करून जाहीर मैफल द्यावयाची, पियानो, स्वरलेखन व इतिहास शिकावयाचा, वृंद चालविण्याची कला साधावयाची, बालमानसशास्त्र अभ्यासावयाचें. वाद्यवृंद शिकवूं इच्छिणारास तंतुवाद्यें, सुषिरवाद्यें व तालवाद्यें हीं सगळीं प्राथमिक पायरीवरून हाताळावीं लागतात. व्हायोलिन उत्तम वाजविणारी मुलगी तुतारी फुंकतांना पुन्हां बालवर्गांत बसते. शेवटीं कित्येक आठवडे खऱ्या शाळेंत पाठ, आणि मग राज्याचा परवाना.

भाचीचा पाठ पाहण्यास मी जवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेंत गेलों. मुलें सातआठ वर्षांचीं. ‘डो, रे, मी’ या प्रत्येक स्वरास हाताची एक खूण. ‘डो’ला कमरेशीं मूठ, आणि स्वर चढेल तसा हात वर. हा ‘डो’ कोणत्याही पट्टींत धरतां येतो, आपल्या षड्जाप्रमाणेंच. एका मुलाचा स्वर कांहीं केल्या लागेना. आपल्याकडे अशा मुलास ‘तूं नुसते ओठ हलव’ असें सांगण्याचा प्रघात आहे. आणि तें मूल पुढें जन्मभर ‘मला गाणें येत नाहीं’ म्हणतें. भाचीनें त्याला हवा तो स्वर काढावयास सांगितलें, तोच ‘डो’ मानला, आणि सबंध वर्ग त्याच्या स्वरावर आणला. आपल्या स्वराशीं वीस स्वर जुळले म्हणजे कसें वाटतें, हें त्या मुलास प्रथमच कळलें. मग एकेक पायरी चढत ती त्याला वर घेऊन गेली. अर्ध्या तासानें तो सर्वांबरोबर गात होता. अगदीं अचूक नव्हे, पण बराच जवळ.

आतां धर्माविषयीं. कॉलेजांत धर्मविषयाचा अभ्यास सर्वांस करावा लागतो. प्रार्थनामंदिरांत उपस्थितीची सक्ती नाहीं. तथापि गायकवृंदाचीं पुष्कळशीं गीतें ख्रिस्तस्तुतिपर असतात, हें झांकण्यांत अर्थ नाहीं. याविषयीं मीं भाचीला स्पष्टच विचारलें. ती म्हणाली, “मामा, तीं गातांना मला परकें वाटत नाहीं, आणि आईच्या देव्हाऱ्यापुढें मी तें लपवीतही नाहीं.” शिवाय ती ज्या सरकारी शाळांत शिकविणार, तेथें धर्मप्रचारास मुळींच वाव नाहीं, शाळेनें नेमून दिलेली प्रार्थनासुद्धां तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं घटनाबाह्य ठरविली आहे.

परत आल्यावर मेहुण्यांस मीं जें पाहिलें तेंच सांगितलें. पैशाची चिंता मला दूर करतां आली नाहीं; शिक्षकाचें वेतन वैद्याच्या मिळकतीशीं तेथेंही बरोबरी करीत नाहीं. दुसऱ्या चिंतेस मुलीचें उत्तर कळविलें. ते बराच वेळ स्तब्ध राहिले. नंतर त्या बेसूर मुलाची गोष्ट त्यांनीं पुन्हां सांगावयास लावली.

बॉस्टनच्या सरकारी शाळांत लोवेल मेसननें १८३८ सालीं गाणें आणलें. विष्णु दिगंबरांनीं १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याची विद्या सामान्य घरांच्या आवांक्यांत आणली. हें मोठें काम पंडितजींनीं केलें. परंतु ज्याला स्वर लागत नाहीं त्या मुलाजवळ बसणारा शिक्षक प्रत्येक शाळेंत असणें, हें काम अजून उरलें आहे. आपल्या घरची एखादी मुलगी तें करूं म्हणेल, तेव्हां वाचकांनीं तिचें म्हणणें पुरतें ऐकून घ्यावें, एवढीच माझी विनंती आहे.