अ अननसाचा

माझी सारी नोकरी मराठी शाळांत गेली. पहिलीचा वर्ग बहुधा माझ्याकडेच असे. किती मुलांना 'अ' गिरवायला शिकवला याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण त्यांतल्या एका मुलाचा 'अ' अजून मनातून जात नाही.

१९९९ सालचा जून महिना. शाळा वीरच्या आसपासचीच. तिचे नाव सांगत नाही. मुलगा १९९३ च्या पावसाळ्यातला, म्हणजे रोह्यापासून वीरपर्यंत कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षीचा. बाप सौदीला. आमच्या समाजातले बरेच लोक मुलांना उर्दू शाळेत घालतात. या बापाने मात्र जाताना बायकोला बजावले होते, "पोराला मराठी शाळेत घाल, कचेरीतला कागद त्याला वाचता आला पाहिजे." मीही गावोगाव हेच सांगत फिरायचो. त्यामुळे मुलगा वर्गात येऊन बसला तेव्हा मला बरे वाटले. त्याचे नाव अनस.

भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता होता. मी छडी लावून म्हणालो, "अ अननसाचा." सगळी पोरे मागे वळली. एक ओरडला, "गुरुजी, ह्याचंच नाव!" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

त्या दिवसापासून तो अननस झाला. हजेरीला त्याचे नाव आले की मागच्या बाकांवरून कुजबुज सुरू व्हायची. तो 'हजर' इतक्या हळू म्हणायचा की दोनदा मी त्याची गैरहजेरी लावली. पुढे तो खरोखरच येईनासा झाला. घरून दप्तर घेऊन निघायचा आणि रुळाच्या कडेला मालगाडीचे डबे मोजत बसायचा. कुणीतरी पाहिले आणि त्याच्या आईला सांगितले. ती रडत शाळेत आली.

मी तिला म्हणालो, "एवढं काय त्यात? 'न'ला एक वेलांटी दिली की झालं. अनिस लिहितो. हे नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे, कुणी हसणार नाही."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, गुरुजी."

मी रजिस्टरात अनिस लिहिले. चिडवणे थांबले, मुलगा येऊ लागला, पुढे चांगला शिकलाही. मी खूश होतो. शिक्षकांच्या बैठकीत हा किस्सा मी दोन-तीनदा अभिमानाने सांगितला. त्या मुलाला मात्र मी काहीच विचारले नव्हते.

२०२१ च्या जुलैमध्ये महाडला महापूर आला. बावीस तारखेच्या त्या पाण्यात कुणाची दुकाने गेली, कुणाचे संसार गेले. पाणी ओसरल्यावर लोक गच्चीवर कागद वाळवत होते. काही महिन्यांनी एक दाढीवाला तरुण माझ्या दारात उभा राहिला. मी ओळखले नाही. त्याने सलाम केला आणि म्हणाला, "गुरुजी, मी अनिस. म्हणजे अनस."

त्याचा बाप आदल्या वर्षी वारला होता. जमिनीवर वारसनोंद करायची होती. जन्माच्या नोंदीत नाव अनस, निकाहनाम्यात अनस. शाळेच्या दाखल्यावर अनिस, आणि दाखल्यावरून काढलेल्या आधारकार्डावर व बँकेतही अनिस. जुनी शिधापत्रिका महाडच्या खोलीत होती, तिचा लगदा झाला. आता अनस आणि अनिस हा एकच माणूस आहे हे त्याला सिद्ध करायचे होते. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, आणि दर वेळी एसटीचे भाडे भरून महाडला जा. एका वेलांटीची ही किंमत.

मी म्हणालो, "चूक माझी आहे. तसं मी लिहून देतो."

तो हसला. म्हणाला, "अनिस नाव वाईट नाही गुरुजी. मौलाना सांगतात, दोन्ही नावं एकाच मुळातली, दोन्हींत जिव्हाळा आहे. पण अब्बा फोनवर अनस म्हणायचे आणि शाळेत मी अनिस. रोज सकाळी वाटेत मी दुसराच कुणीतरी व्हायचो. तुम्ही मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, त्या पोरांना गप्प करा."

सहा वर्षांच्या मुलाला जे कळत होते ते मला कळले नव्हते. रोग हसणाऱ्यांच्या तोंडात होता आणि मी औषध दिले त्याच्या नावाला.

मी मुसलमान असून ही चूक केली याचे मला जास्त वाईट वाटते. हजरत अनस (र.) कोण होते हे मला ठाऊक होते. कोवळ्या वयात ते पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्या दहा वर्षांत पैगंबरांनी त्यांना एकदाही 'असे का केलेस' म्हणून दटावले नाही, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. पैगंबर त्यांना कधी लाडाने 'उनैस' म्हणत. नाव लाडानेही वाकते आणि टवाळीनेही वाकते. एकमेकांना वाईट टोपणनावे ठेवू नका, ही कुरआनची आज्ञा टवाळीसाठी आहे. वर्गात ती पाळायला लावणे माझे काम होते.

नाव बदलू नये असे मी म्हणत नाही. हज्न नावाचा एक माणूस पैगंबरांकडे आला. हज्न म्हणजे खडबडीत जमीन. पैगंबरांनी सुचवले, तू सहल हो, म्हणजे सपाट, सोपा. तो म्हणाला, बापाने ठेवलेले नाव मी बदलणार नाही. त्याच्यावर कुणी सक्ती केली नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले की सातारा जिल्हा लागतो. तिथे मुलीवर मुलगी झाली की 'नकोशी' किंवा 'नकुसा' नाव ठेवायची रीत होती. शाळेत रोज हजेरीला त्या मुलीने, मी कुणालाही नको आहे, यालाच 'हजर' म्हणायचे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. कित्येकींनी आपले नाव आपणच निवडले. साताऱ्याचा समारंभ आणि माझी वेलांटी यांत फरक आहे तो इथेच.

मास्तराने रजिस्टरात लिहिलेले आयुष्यभर सोबत येते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाची नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी झाली. सव्वीस वर्षांनी महाडच्या चवदार तळ्यावर तेच आडनाव घेऊन तो मुलगा उभा राहिला. आणि अवघड नाव जिभेला वळत नाही, ही सबबही खोटी आहे. आमच्याच सावित्रीकाठच्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला. अख्ख्या जिल्ह्याने नवे नाव शिकून घेतले. मग चाळीस मुलांची नावे मास्तराला का शिकता येऊ नयेत?

आता आईबापांसाठी दोन शब्द. हल्ली मोबाईलवर नावे शोधतात. गावात दुसऱ्या कुणाचे नसेल असे हवे असते. अर्थ कुणी ताडून पाहत नाही. एकच नाव जन्मदाखल्यावर 'झ'ने, शाळेत 'ज'ने आणि इंग्रजीत तिसरेच. पूर्वी ते खपून जायचे. आता शाळेतली नोंद आधारशी अक्षरशः जुळावी लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नावही लागते, म्हणजे तेही नीट लिहिलेले हवे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करायची असली तरी बाळाचे नाव नंतर भरता येते. घाई नाही. विचार करायला वेळ आहे.

अनस गेल्या वर्षी परत घरी आला, या वेळी पेढे घेऊन. मुलगी झाली होती. अकिक्याचे निमंत्रण होते आणि नाव नोंदवण्याचा कोरा अर्जही. बायकोने मोबाईलवर एक नाव शोधले होते. ते त्याच्या आईला काही केल्या म्हणता येईना. मी म्हणालो, "तीन गोष्टी बघा. अर्थ चांगला हवा, दादीला हाक मारता यायला हवी, आणि देवनागरीत ते एकाच तऱ्हेने लिहा." त्यांनी आठवडाभर घेतला. सफिया ठरले.

"गुरुजी, तुम्हीच लिहा," तो म्हणाला.

माझा हात थबकला. "तू एकेक अक्षर सांग," मी म्हणालो.

"स. फ ला पहिली वेलांटी. य ला काना."

मी लिहिले आणि कागद त्याच्या बायकोपुढे धरला. तिने मोठ्याने वाचले. मग त्याच्या आईनेही तेच नाव घेऊन पाळण्यातल्या मुलीला हाक मारली. त्यानंतर त्याने सही केली.