वहिनीचा नंबर

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात ‘मुलगा काय करतो?’ असे विचारले, तर कितीतरी घरांतून एकच उत्तर येते, ‘मिलट्रीत आहे.’ त्यानंतरचे प्रश्नही ठरलेले असतात. कुठल्या पलटणीत आहे, सध्या पोस्टिंग कुठे आहे, सुट्टीवर कधी येणार? पण त्याची बायको काय करते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तिचे काय विचारायचे? ती फौजीची बायको! तो येईपर्यंत वाट पाहणे हेच जणू तिचे काम.

आमच्याच जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ असेच लिहितात. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जवान कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे आणि ते असायलाच हवे. परंतु ते जवान गेल्यावर ज्यांनी शेती ओढली, पोरे वाढवली, त्या बायांनी पुढे काय केले, हे सांगणारा दगड कुठेच नसतो. आमच्या घरात तसा एक जिवंत दगड आहे. तो म्हणजे माझी आजी!

माझे आजोबा १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांच्या वेळी फौजेत होते. आजीला अक्षरओळख नव्हती. आजोबांचे पत्र आले की ती पदराआड लपवून शाळेतल्या गुरुजींकडे न्यायची. गुरुजी वाचायचे आणि ती मान खाली घालून ऐकायची. स्वतःच्या नवऱ्याचे पत्र परक्याच्या तोंडून ऐकायचे! उत्तर द्यायचे तर मनातले अर्धे मनातच ठेवायचे, कारण लिहिणारा हात दुसऱ्याचा. मनीऑर्डर आली की अंगठा. आजी हे सांगताना हसते, पण त्या हसण्यात काय असते ते मला अजून नीट सांगता येत नाही.

माझा दादा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. २०१८ मध्ये त्याचे लग्न झाले आणि वहिनी आमच्या घरी आली. त्या वेळी ती वीस वर्षांची होती. बारावी कॉमर्स झालेली. ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा तिचा आवडता विषय. पुढे बी. कॉम. करायचे तिच्या मनात होते. पण स्थळ चांगले आले, मुलगा नोकरीला होता, आणि आपल्याकडे चांगले स्थळ कॉलेजच्या प्रवेशासाठी थांबत नाही. वह्या-पुस्तके माहेरच्या माळ्यावर गेली.

२०१९ मध्ये दादाला झाशीला फॅमिली क्वार्टर मिळाले. वहिनी साताऱ्याहून गोवा एक्सप्रेसने झाशीला निघाली, तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, “राणीच्या गावाला चाललीस गं!” दोन खोल्यांचे ते क्वार्टर. आजूबाजूला केरळ, बिहार, पंजाब, आसाम, सगळा हिंदुस्थान एका आवारात. तिथे वहिनीने पहिल्यांदा पाहिले की, आपल्यासारख्या कितीतरी जणी आहेत. कोणी बी. एस्सी. झालेली, कोणी नर्स, कोणी लग्नाआधी शाळेत शिकवत होती. आणि आता सगळ्या जणी ‘अमक्याची मिसेस’. नोकरी धरावी तर दोन-तीन वर्षांत बदली. शिक्षिका व्हावे तर बी. एड. पाहिजे; आणि बी. एड. आता दोन वर्षांचे झाले आहे, त्यात शाळेत प्रत्यक्ष जाऊन पाठ घ्यावे लागतात. मध्येच बदलीचा हुकूम आला म्हणजे काय करायचे? नवऱ्याची बदली होते तेव्हा त्याची नोकरी त्याच्याबरोबर जाते. बायकोची मात्र जुन्या गावीच राहते.

सैनिकांच्या पत्नींसाठी १९६६ पासून ‘आवा’ ही संस्था काम करते आहे, तिच्यामार्फत छावण्यांतून शिवण, विणकाम, संगणक असे वर्ग चालतात. वहिनी संगणकाच्या वर्गाला जाऊ लागली. शेजारची केरळची एक बाई घरी बसून एम. ए. करत होती. तिच्याकडून वहिनीला मुक्त शिक्षणाचा रस्ता कळला. मग २०२० ची टाळेबंदी आली. छावणीचे फाटक बंद, बाजार बंद. त्या बंद दिवसांत वहिनीने मनाशी ठरवले आणि फोनवर घरी सांगितले, “मी पुन्हा शिकणार.”

घरात थोडे वादळ झाले. आईचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ती म्हणाली, “फौजीच्या बायकोला काय कमी आहे? पगार आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना आहे, उद्या पेन्शन आहे. कशाला जिवाला त्रास करून घेतेस?” त्यावर वहिनी जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. ती म्हणाली, “आत्या, हे सगळं आहे, पण ते त्यांच्या नंबरावर आहे.”

ज्यांच्या घरात फौजी आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. फौजेत माणसाची ओळख म्हणजे नंबर, हुद्दा आणि नाव. बायकोचे कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी, कॅन्टीन, क्वार्टर, सगळे त्या नंबरावर. त्यात अपमान काही नाही. पण ज्या बाईच्या नावावर स्वतःचे असे काहीच नाही, तिला एखादा आपला नंबर असावा असे वाटले तर त्यात नवल काय?

आजी तोवर गप्प होती. तिने सुपातले तांदूळ खाली ठेवले आणि म्हणाली, “माझा कागद जन्मभर दुसऱ्यानं वाचला. हिचा हिला वाचू दे.” आणि विषय संपला.

आता प्रवेश कुठे घ्यायचा? नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पुस्तके मराठीत, अभ्यासकेंद्र आपल्या भागात. दुसरे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे. तिथे पुस्तके इंग्रजी-हिंदीत, पण परीक्षा केंद्रे देशभर, आणि बी. कॉम. तीन वर्षांत जमले नाही तर सहा वर्षांपर्यंत पुरे करण्याची मुभा. माझा सल्ला मराठीचा होता. वहिनी म्हणाली, “वन्सं, भाषा मी बघून घेईन. पण पेपरच्या वेळी मी कुठल्या गावात असेन ते सरकार ठरवणार. तिथं मला बसता आलं पाहिजे.” २०२१ मध्ये तिचा प्रवेश झाला. विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक मोबाईलवर आला तेव्हा तिने तो आईला वाचून दाखवला. “आत्या, हा माझा नंबर!”

पुढच्याच वर्षी दादाची फील्डला बदली झाली. तिथे कुटुंब नेता येत नाही. वहिनी कडेवरच्या मुलाला घेऊन गावी परतली. सामानात एक काळी लोखंडी ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात दादाचा नंबर आणि नाव. माडीवर खिडकीजवळ ती ट्रंक ठेवून वहिनीने तिचे टेबल केले. दादाच्या नंबरावर वहिनीचा अभ्यास सुरू झाला.

मी रोज एस. टी.ने कॉलेजला येते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मला वर्ग आहे, फळा आहे, प्राध्यापक आहेत, मैत्रिणी आहेत, ग्रंथालय आहे. वहिनीला यातले काही नाही. तिचा वर्ग रात्री साडेनवाला, पोरगा झोपल्यावर भरतो. वर्गात ती एकटीच विद्यार्थिनी आणि एकटीच शिक्षिका. गृहपाठ स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे. त्यांना शंभरांत तीस गुणांचे वजन. जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा परीक्षा. जूनला पेरणीची धांदल. डिसेंबरला ऊसतोड. गावाच्या पंचांगात परीक्षेला जागाच नाही! तरी तिने दरवेळी दोन-दोन, तीन-तीन पेपर सोडवत नेले. मी अर्थशास्त्राची पुस्तके ग्रंथालयातून आणायची आणि आम्ही दोघी ती वाचायचो. मागणीचा नियम मला पुस्तकातून पाठ होता. वहिनीने तो आठवडी बाजारातल्या मेथीच्या जुडीवरून मला समजावून दिला. मग कॉलेजात कोण जात होते, ती की मी?

घरबसल्या कामाच्या जाहिराती भिंतींवर आणि मोबाईलवर पुष्कळ असतात. ‘टायपिंग करा, हजारो कमवा.’ झाशीतल्या तिच्या एका शेजारणीने असल्याच कोणाला नोंदणीचे म्हणून तीन हजार रुपये भरले. ना काम आले, ना पैसे परत आले. वहिनीने तेव्हाच एक गाठ मारून ठेवली की, काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. तिने साताऱ्यात तीन महिने टॅलीचा वर्ग केला. २०१७ च्या जुलैत जीएसटी आल्यापासून लहान-लहान दुकानदारांनाही हिशेब संगणकावर ठेवावा लागतो आणि तो ठेवणारे माणूस लागते. एका कर सल्लागाराने तिची परीक्षा घेतली आणि २०२४ मध्ये पहिली दोन दुकाने तिच्याकडे दिली. आज सात आहेत. खताचे दुकान, हार्डवेअर, बेकरी वगैरे. बिलांचे फोटो मोबाईलवर येतात. वहिनी ट्रंकेपुढे बसून कीर्द-खतावणी घालते. शब्द तेच जुने, जमा आणि नावे, फक्त वही बदलली.

आमच्या घरात पूर्वी एकादशी आणि संकष्टी मोजली जाई. आता ११ आणि २० या तारखाही मोजतात! विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कराचा गोषवारा २० तारखेपर्यंत भरला पाहिजे. त्या दिवसांत आई स्वतः चूल सांभाळते आणि दारात आलेल्यांना सांगते, “सूनबाई कामावर आहे.” माडीवर बसलेल्या सुनेला ‘कामावर आहे’ म्हणायला आईला पुरे एक वर्ष लागले. कारण घरातून काम करण्यात खरी अडचण विजेची नाही आणि रेंजचीही नाही. ‘घरातच तर आहे’ हे वाक्य म्हणजे खरी अडचण. पाहुणे आले, चहा टाक. दळण संपले, जाऊन ये. बाहेर जाणाऱ्या माणसाचे आठ तास सगळे मान्य करतात. घरात बसलेल्या बाईचे दोन तासही तिला भांडून घ्यावे लागतात.

पहिल्या महिन्याचे अडीच हजार रुपये तिच्या खात्यावर आले. त्यातून तिने पुढच्या परीक्षेचे शुल्क भरले आणि आजीला चष्मा आणला. गेल्या वर्षी ती बी. कॉम. झाली. दादाचा फोन फील्डवरून आला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “आता माझ्या पेन्शनीचा हिशेब तूच ठेव.” थट्टेत म्हणाला खरा, पण ती थट्टा नव्हती. शिपायाची नोकरी आयुष्यभराची नसते. पंधरा वर्षे झाली की पेन्शन बसते, आणि पुष्कळ जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. मग पुण्यात कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरी शोधतात. २०२२ पासून तर अग्निवीरांची भरती चारच वर्षांची आहे, आणि त्यांतले फार तर पंचवीस टक्के पुढे कायम होतात. अशा वेळी घरात दुसरा कमावता हात असणे ही चैन नाही.

आणि जे कोणी बोलत नाही तेही बोलले पाहिजे. आमच्या जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुन्हा अभ्यास केला, प्रशिक्षण घेतले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. आम्हा साऱ्यांना त्यांचा अभिमान आहे. परंतु प्रत्येकीला ते जमेलच असे नाही. आणि शिकण्यासाठी आभाळ कोसळायची वाट तरी का पाहावी? वहिनीने ऊन असतानाच छप्पर शाकारून घेतले.

सावित्रीबाई फुले आमच्या जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांनीही अक्षरे गिरवली ती लग्नानंतर, सासरी. म्हणजे लग्न झाले की शिक्षण संपले, हा काही आपला फार जुना कायदा नाही. तो आपणच आपल्या सोयीने केला आहे.

माझ्या मैत्रिणींपैकी कितीतरी जणी उद्या फौजींच्या घरी जातील. त्यांनी खुशाल जावे. ते घर अभिमानाचे आहे. फक्त जाताना बांगड्या, साड्या, भांडी यांच्याबरोबर एक अशी विद्या घेऊन जावे, जी कुठल्याही गावच्या क्वार्टरात उघडून बसता येईल. आणि ज्यांचे शिक्षण मध्येच राहिले आहे, त्यांनी माळ्यावरच्या वह्या खाली काढाव्यात. पुढच्या वर्षी दादाची पुन्हा बदली आहे. कुठे ते अजून ठरलेले नाही. क्वार्टर मिळाले तर वहिनी जाईल, आणि तिची सात दुकाने या वेळी तिच्याबरोबर जातील.

(द्वितीय वर्ष, कला)