हप्ता भरलात, आता पत्रही लिहा



मी शेती खात्यातला माणूस. आंब्याचा मोहोर, माडावरचा गेंड्या भुंगा, भाताची खते यांविषयी तुमच्याशी बोलायची मला सवय. आज मात्र विम्याविषयी, आणि थोडे माझ्या चुकीविषयी सांगणार आहे.

2019 सालची गोष्ट. मालवण किनाऱ्यावरच्या एका गावातले शेतकरी माडावरून पडून वारले. शेतकरी अपघात विम्याचे 2 लाख रुपये मिळावेत म्हणून त्यांच्या पत्नीचा अर्ज मी पुढे पाठवला. विमा कंपनीकडून उत्तर आले, 'त्रुटी'. सातबारा दिला तर वारस नोंद हवी, ती दिली तर वयाचा दाखला हवा. दर खेपेला त्या माउलीला एसटीने बोलावून मी नवा कागद सांगत असे. चौथ्या खेपेला ती म्हणाली, "साहेबांनू, सगळा एकदमच कित्याक सांगनत नाय?" मी म्हणालो, "काकी, कंपनीचे काम, थोडे थांबावे लागते." पैसे आले, पण सव्वा वर्षाने. तोवर तिने दुभती म्हैस विकली होती.

गेल्या वर्षी तोच 'त्रुटी' शब्द माझ्या घरी आला. सौ.चे पित्ताशयाचे ऑपरेशन कोल्हापूरला झाले. सात वर्षे न चुकता हप्ता भरलेली आरोग्य विम्याची पॉलिसी होती. तरी कंपनीने कॅशलेस मंजुरी दिली नाही, 'बिले नंतर पाठवा' म्हणाली. सौ.च्या पाटल्या पतपेढीत ठेवून मी 1 लाख 40 हजार भरले. मग आधी मूळ डिस्चार्ज कार्ड मागितले, वीस दिवसांनी केसपेपर, पुन्हा महिन्याने प्रश्न, 'रक्तदाब कधीपासून होता?' फोन केला की एकच उत्तर, "काम चालू आहे." आंब्याच्या फवारणीचे दिवस आले, तरी पाटल्या पतपेढीतच. तेव्हा मला काकी आठवल्या.

मी बीएस्सी शिकलेला, पण तीन महिने नुसते फोन करीत बसलो. फोनची पोच मिळत नाही, मंडळी! शेवटी नियम शोधून वाचले.

विमा नियामक प्राधिकरणाने 2024 साली कंपन्यांना घालून दिलेले नियम असे: कॅशलेसची मागणी आल्यावर एका तासात निर्णय द्यायचा आणि रुग्णाला घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. लागणारे कागद कंपनीने रुग्णालयाकडून मिळवायचे. पॉलिसी सलग 60 महिने चालू असेल, तर 'जुना आजार सांगितला नाही' म्हणून पैसे नाकारता येत नाहीत. फसवणूक सिद्ध झाली तरच गोष्ट वेगळी. आणि नाकारायचे असेल, तर पॉलिसीच्या कोणत्या अटीमुळे ते लेखी कळवायचे.

हे सारे लिहून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते. फी नाही, वकीलही लागत नाही. प्राधिकरणाकडे 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. मला तिथवर जावे लागले नाही. अठराव्या दिवशी पैसे जमा झाले, 11 हजार कापून. ते का कापले, हेही मी लेखी विचारले आहे. पाटल्या मात्र घरी आल्या.

अपघाताच्या योजनेतून सरकारने एप्रिल 2023 मध्ये विमा कंपन्यांना वगळले, ते याच दिरंगाईमुळे. आता ती गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना झाली आहे. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, निर्णय तहसीलदारांची समिती घेते. ही मदत मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास मिळते. दवाखान्याचे बिल त्यातून भागत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता माझ्याकडे कोणी असा अर्ज घेऊन आले, की लागणाऱ्या सर्व कागदांची यादी मी एकाच चिठ्ठीवर लिहून देतो आणि अर्जाची पोच सहीनिशी देतो. ही चिठ्ठी मी काकींना पहिल्याच खेपेला द्यायला हवी होती.