नखं, पिसं, नावं

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात बालवीरांची एक जमात आहे, मिक-ओ-से. स्थापना १९२५. तिच्यात जन्माने जाता येत नाही आणि अर्ज करूनही नाही. उन्हाळी शिबिरात जो मुलगा नेटाने राहतो, पडेल ते काम करतो, सोबत्यांच्या उपयोगी पडतो, त्याला बोलावणं येतं. आधी तो ‘फॉक्समन’ होतो, मग ‘ब्रेव्ह’. गळ्यात नखांची माळ येते आणि एक नवं नाव मिळतं. अशा मानाच्या संस्था अमेरिकी स्काउटिंगमध्ये एके काळी शहरोशहरी होत्या. त्यांच्याजवळच्या वस्तू आता एकेक करून चालल्या आहेत. काही कायद्याने गेल्या, काही शरमेने, काही पैशापायी. जे चाललंय ते मुळात कुणाचं होतं, हेही सोबत लिहिलेलं असावं, म्हणून ही यादी.

संस्थांची नावं. टोलिडोला गिमोगॅश होती, सिनसिनाटीला कु-नी-ए. इंडियानापोलिसला १९२० पासून फायरक्राफ्टर, जिचा भर रानात विस्तव करण्याच्या कसबावर. फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंड नावाच्या बेटावर अर्नर गुडमन आणि कॅरोल एडसन या दोन तरुणांनी १९१५ साली ऑर्डर ऑफ द ॲरो काढली. तीही आधी एका शिबिरापुरतीच होती. पुढे ती पसरत गेली, १९४८ मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या राष्ट्रीय संघटनेने तिला पूर्णपणे आपल्यात घेतलं, आणि गावोगावच्या धाकट्या संस्था तिच्यात विरल्या किंवा बंद पडल्या. मिक-ओ-से विरली नाही.

चीफ. हॅरोल्ड रो बार्टल. व्हर्जिनियात जन्मलेला, व्यवसायाने वकील, देहाने आणि आवाजाने दांडगा. तरुणपणी वायोमिंगमधल्या शायेनला स्काउटांचा अधिकारी होता. तिथे अरापाहो लोकांनी आपल्याला जमातीत घेतलं, असं तो सांगे. तिथून मिझुरीतल्या सेंट जोसेफला आल्यावर त्याने मिक-ओ-से उभी केली आणि पुढे कॅन्सस सिटीला बदलून गेला तेव्हा १९२९ साली ती तिकडे नेली. सगळं शहर त्याला ‘चीफ’ म्हणू लागलं. १९५५ ते १९६३ तो तिथला महापौर होता. त्याच्या खटपटीने डॅलसचा फुटबॉल संघ शहरात आला आणि त्याच्या टोपणनावावरून संघाचं नाव पडलं कॅन्सस सिटी चीफ्स. जगभर दूरदर्शनवर दिसणाऱ्या त्या नावाचं मूळ मुलांच्या शेकोटीत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये त्या संघाने आपल्या मैदानात पिसांचे टोप घालून आणि जमातींच्या नावाने तोंड रंगवून यायला प्रेक्षकांना बंदी केली. नाव राहिलं.

बार्टलने हजारो मुलांना रानात नेलं, स्वतःच्या हाताने काही करण्याची सवय लावली. हे मोठं काम आहे आणि ते मला मनापासून मोठं वाटतं. म्हणूनच पुढची नोंद जड जाते.

जमीन. मिक-ओ-सेची पहिली शेकोटी पेटली ती कॅम्प ब्रिंटनवर, एजन्सी नावाच्या गावाजवळ. सरकारची ‘इंडियन एजन्सी’ त्या भागात होती, म्हणून गावाचं नाव एजन्सी. मिझुरीचा हा वायव्येचा कोपरा आयोवे आणि सॅक-फॉक्स लोकांकडे होता. १८३६ च्या तहात साडेसात हजार डॉलर देऊन सरकारने तो घेतला, पुढच्या वर्षी राज्याला जोडला आणि त्या लोकांना मिझुरी नदीपलीकडच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात धाडलं. गोऱ्या मुलांनी तिथे जमात स्थापली तेव्हा या गोष्टीला नव्वद वर्षंही झाली नव्हती, आणि ज्यांची जमीन होती त्यांची नातवंडं-पतवंडं नदीच्या पलीकडे राहतच होती.

पुढचं शिबिर ओसिओला गावाजवळचं. ही ओसेज लोकांची भूमी, १८०८ आणि १८२५ च्या तहांनी गेलेली. गावाचं नाव मात्र ओसेजांपैकी कुणाचं नाही. ते आहे फ्लोरिडातल्या सेमिनोल नेत्याचं, ज्याला १८३७ मध्ये पांढरं निशाण दाखवून बोलणी करायला बोलावलं आणि कैद केलं. तो कैदेतच मेला. आज या जागेला बार्टलचं नाव आहे आणि तिच्यावर तीन शिबिरं चालतात: लोन स्टार, सॉमिल, पिअर्सिंग ॲरो.

नाच. यादीतली ही नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १८८३ साली अमेरिकी सरकारने मूळ रहिवाशांसाठी गुन्ह्यांची एक संहिता केली. तिच्यात सूर्यनृत्य हा गुन्हा होता, वैदूचे विधी हा गुन्हा होता. शिक्षा काय, तर शिधा बंद किंवा तुरुंग. १९२१ आणि १९२३ मध्ये इंडियन खात्याचे आयुक्त चार्ल्स बर्क यांनी परिपत्रकं काढून नाचांवरची पकड आणखी आवळली. नाच ठरावीक महिन्यांत, महिन्यातून एकदाच, दिवसाउजेडी, पन्नाशीच्या आतल्यांनी भाग घ्यायचा नाही, असल्या शिफारशी त्यांत होत्या. या लोकांना देशाचं नागरिकत्व सरसकट मिळालं ते १९२४ मध्ये. आणि १९२५ मध्ये मिझुरीच्या रानात शाळकरी मुलं रात्री जाळाभोवती ढोलावर नाचू लागली. पन्नाशीच्या आतली, सगळीच्या सगळी.

त्या मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या पुढाऱ्यांना ठाऊक असायला हरकत नव्हती. नाचांवरची बंधनं १९३४ मध्ये सैल झाली, आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं तेव्हा १९७८ साल उजाडलं होतं. म्हणजे १९२५ पासून जवळजवळ दहा वर्षं अशी गेली की एक नाच खेळ म्हणून कौतुकाचा होता आणि तोच नाच श्रद्धा म्हणून संशयाचा.

मुखवटे. कोलोराडोमध्ये ला हुंता नावाचं गाव आहे. तिथल्या स्काउटांच्या एका पथकाने १९३३ पासून मूळ रहिवाशांचे नाच शिकून त्यांचे प्रयोग करायला सुरुवात केली. पथकाचं नाव कोशारे. ही मुलं फार मेहनती. वर्णनं वाचून, वस्तू पाहून त्यांनी झुनी लोकांच्या शालाको विधीचे मुखवटे हुबेहूब केले. झुनींच्या कानावर गेलं. १९५० च्या दशकात त्यांची वडीलधारी माणसं ला हुंताला आली. त्यांनी मुखवटे पाहिले आणि हे खरे आहेत, असा निर्वाळा दिला. नक्कल असती तर मोडून टाकता आली असती. खरे होते म्हणून ते त्यांनी गावी नेऊन पवित्र जागी ठेवले. मुलांनी मुखवटे दिले, हेही लिहिलं पाहिजे. २०१५ मध्ये होपी जमातीच्या सांस्कृतिक कार्यालयाने विनंती केली तेव्हा कोशारे पथकाने त्या हिवाळ्यातले नाच रद्द केले.

पिसं. ज्या टोपाने साऱ्या जगाला ‘रेड इंडियन’ ओळखता येतो, तो मैदानी प्रदेशातल्या जमातींचा. मिझुरीतल्या ओसेज पुरुषांच्या डोक्यावर असे तो तुरा, हरणाच्या शेपटीच्या आणि टर्कीच्या छातीवरच्या राठ केसांचा. शिबिरांत मात्र सगळीकडे पिसांचा टोप चालला. मैदानी जमातींत त्यातलं एकेक पीस कमावावं लागे. शिबिरातल्या मुलांनीही कमावलं, पण वेगळ्या अर्थाने: ते त्यांनी बनवलं. टर्कीचं पांढरं पीस घ्यायचं, टोक गडद रंगात बुडवायचं म्हणजे ते कोवळ्या सोनेरी गरुडाचं दिसतं. देठ तिरपं कापून वाकवायचं आणि त्याच्याच पोकळीत खोचायचं, की ओवायला कडी तयार. वर तांबड्या फ्लॅनेलची पट्टी गुंडाळून दोऱ्याने आवळायची. अशी तीसेक पिसं. विस्कॉन्सिनच्या बेन हंट यांनी या सगळ्याच्या कृती मुलांच्या मासिकात लिहिल्या, आकृत्या काढून दिल्या, आणि १९५४ साली पुस्तकही केलं.

खरं गरुडाचं पीस ठेवणं हा गुन्हा आहे. टकल्या गरुडाला १९४० च्या कायद्याने संरक्षण मिळालं, सोनेरी गरुडाला १९६२ मध्ये. मान्यताप्राप्त जमातींच्या माणसांना धर्मकार्यासाठी ते ठेवता येतं. निदान एका बाबतीत तरी कायदा योग्य माणसाच्या बाजूने उभा राहिला.

नखं. अस्वलाची, गरुडाची. जुन्या माळांत खरी नखं सापडतात. नव्या माळांतली साच्यात ओतलेली असतात: एका मापाची, एका रंगाची, भोकं आधीच पाडलेली.

मण्यांचा माग. हे जाऊ नये असं मला वाटतं. लाकडाची छोटी चौकट, तिच्यावर ताणलेले दोरे. सुईत आठ-दहा काचमणी एकदम ओवायचे, ते दोऱ्यांच्या खालून न्यायचे आणि बोटाने वर दाबून एकेक मणी एकेका फटीत बसवायचा. मग सुई दोऱ्यांच्या वरच्या अंगाने त्याच मण्यांतून परत आणायची. एक ओळ झाली. एक मणी जरी जाड निघाला तरी ओळ फुगते आणि नक्षी तिरकी जाते, म्हणून मणी आधी निवडून घ्यावे लागतात, तांदळातले खडे वेचावेत तसे. मणी येत व्हेनिसहून आणि बोहेमियातून. मूळ रहिवाशांच्या बायकांकडेही हे काचमणी युरोपच्या व्यापाऱ्यांकडूनच आले, पण त्यांतून जे घडवलं ते सर्वस्वी त्यांचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला दोन तास एका जागी गप्प बसवणारं असं काम फार थोडं असतं. नक्षी आपली काढावी, कुणाच्या कुळाची उचलू नये. माग मात्र राहावा.

गुपित. निवड झालेल्यांनी विधीत काय घडलं ते बाहेर बोलायचं नाही, हा या संस्थांचा आवडता नियम. फेब्रुवारी २०२० मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारण पैशाचा गैरव्यवहार नव्हे. लहानपणी संघटनेत लैंगिक अत्याचार झाल्याचे दावे ब्याऐंशी हजारांहून जास्त लोकांनी केले. भरपाईचा निधी उभारण्यासाठी अनेक शाखांनी आपली रानं, शिबिरांच्या जागा विकल्या. मुलाने आईबापांना सांगायची नाही अशी एकही रात्र संघटनेत आता नसावी. गुपित गेलं तर मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. रानं गेली त्याचं वाटतं.

नावं. प्रत्येक ‘ब्रेव्ह’ला एक नाव मिळतं, पशुपक्ष्यांचं, वाऱ्यापावसाचं. आपल्याकडे स्काउटांच्या धाकट्या, ‘कब’च्या वर्गात शिक्षकांना ‘अकेला’ म्हणायची पद्धत आहे. तो किपलिंगच्या कथेतल्या सिवनीच्या जंगलातला लांडगा, नागपूरपासून काही तासांवरचा. मिझुरीतलं मूलही त्याला ओळखतं. कथेतून आलेलं नाव कुणाच्या घरातून उचललेलं नसतं. मिक-ओ-सेच्या नावांचं तसं नाही. मिझुरीतली मुलं नावं घेत होती त्याच दशकांत ज्यांच्या भाषांत अशी नावं खरोखर ठेवली जात, त्या भाषा बंद पडत होत्या. कॉ नावाच्या जमातीची भाषा बोलत वाढलेला शेवटचा माणूस १९८३ मध्ये गेला. आयोवे-ओटो भाषेचे शेवटचे बोलणारे १९९६ च्या सुमारास गेले. ओसेज भाषा बोलत वाढलेल्यांपैकी शेवटच्या, ल्युसिल रूबिडू, २००५ मध्ये गेल्या.

ओहियेसा. हे नाव यादीत चुकून राहून जाऊ नये. सँटी डकोटा, इंग्रजीत चार्ल्स ईस्टमन, शिक्षणाने डॉक्टर. १८९० मध्ये वूंडेड नी इथे झालेल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीनंतर जखमींवर त्यांनी उपचार केले. स्काउट चळवळ सुरू झाली तेव्हा त्यांनी तिला हात दिला आणि १९१४ मध्ये मुलांसाठी पुस्तक लिहिलं: माग कसा काढावा, खुणा कशा वाचाव्यात, रानात शांत कसं राहावं. त्यांना वाटलं होतं, ही मुलं आपल्या माणसांना ओळखू लागतील. चळवळीने त्यांच्याकडून खुणा घेतल्या. माणसांची ओळख राहून गेली.

टाळ्यांचा कार्यक्रम. छोटी मुलं ‘कब’मधून ‘स्काउट’मध्ये जातात तेव्हा ऑर्डर ऑफ द ॲरोची मोठी मुलं पिसं लावून समारंभाला येत. शाळेच्या जेवणघरात किंवा चर्चच्या तळघरात आईबाप फोटो काढत. १ जानेवारी २०१९ पासून तो पोशाख या समारंभात बंद झाला. मोठी मुलं आता साध्या गणवेशात येतात.

मुलगे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संघटनेत काही दशलक्ष मुलं होती. २०१९ च्या अखेरीस मॉर्मन चर्चने आपली सगळी मुलं काढून घेतली, नंतर कोविडची साथ आली, आणि संख्या दहा लाखांच्या आसपास घसरली. त्याच २०१९ मध्ये मुलींना स्काउट पथकांत प्रवेश मिळाला. ८ फेब्रुवारी २०२५ पासून संघटनेच्या नावातून ‘बॉय’ हा शब्दही गेला.

या यादीत न बसणाऱ्या दोन गोष्टी, कारण त्या जाण्याऐवजी येताहेत. ओसेज भाषेला २००६ मध्ये स्वतःची लिपी मिळाली. हर्मन माँग्रेन लुकाउट यांनी ती घडवली आणि २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली. आता ओसेज मुलं फोनवर आपल्या अक्षरांत आपलं नाव लिहितात. आणि १८३६ च्या तहाने ज्यांना नदीपलीकडे जावं लागलं, त्या कॅन्सस-नेब्रास्कातल्या आयोवे लोकांना रुलो गावाजवळचं मिझुरीकाठचं रान नेचर कॉन्झर्व्हन्सीने परत दिलं. २०२० मध्ये त्यांनी तिथे स्वतःचं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. झाडं जुनी आहेत, ओक आणि हिकरी. जुनी वसती आणि दफनाच्या जागाही तिथेच आहेत, आणि त्यांची देखभाल आता आयोवेच करतात.