उभं करून मोजलेलं बीपी

मधुमेह असलेल्या माणसाला चक्कर आली की साखर उतरली, हे माझं वर्षानुवर्षांचं ठाम मत. आमच्या घरात तर ती रीतच होती. आईला जरा गरगरलं की कुणीतरी साखरपाणी आणायचं, ती थोडा वेळ टेकून बसायची, बरं वाटायचं आणि आमचा समज आणखी पक्का व्हायचा. बरं वाटलं ते साखरेनं की नुसतं बसल्यानं, हे कुणी विचारलं नाही. घरात ग्लुकोमीटर आला आणि माझ्या मताला पहिला तडा गेला. आई पलंगाची कड घट्ट धरून बसलेली आणि आकडा 146. साखर कमी म्हणायची ती 70 च्या खाली. मग ही चक्कर कसली?

उत्तर मिळालं दवाखान्यात. डॉक्टरांनी आईला आडवं करून, काही वेळ पडू देऊन बीपी घेतलं. मग उभं केलं आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा घेतलं. वरचा आकडा 150 वरून 118 वर आला होता. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे उतरतं, तेव्हा रक्तवाहिन्या आवळून ते वर मेंदूकडे पोचवायचं काम आपल्या नकळत नसा करत असतात. जुन्या मधुमेहात याच नसा दुखावतात. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट. त्यात बीपीच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या असतील तर भरच पडते. इतकी वर्षं आईचं बीपी घेतलं गेलं, पण दर वेळी खुर्चीत बसवूनच.

दुसरी गोष्ट आईनंच सांगितली, तीही जाता जाता. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मागे झोक जातो, म्हणून ती एका हातानं बेसिन धरते. यात गरगरणं नाही, फक्त तोल. डॉक्टरांनी कंप पावणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) तिच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. तिला काहीच कळेना. तोल सांभाळायला डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपायांची जाणीव अशी तिघांची मदत लागते. तळपाय बधिर झालेल्या माणसानं डोळेही मिटले, की भार एकट्या कानावर येतो. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी 12 कमी पडू शकतं आणि त्यानंही असाच बधिरपणा येतो, म्हणून तीही तपासणी झाली.

चक्करेचा आणखीही एक प्रकार असतो. कुशीवर वळताच काही क्षण खोली फिरत असेल, तर दोष बहुधा कानातले कण जागचे हलल्याचा. डोकं ठरावीक पद्धतीनं वळवून तो बरा करता येतो. तिथे साखरपाण्याचा काय उपयोग?

साखर उतरतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर ती उतरू शकते, आणि काही बीपीच्या गोळ्यांनी ती उतरल्याची धडधड, थरथर लपतेही. म्हणून आधी मोजायचं. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मशीन हाताशी नसेल आणि शंका असेल तर साखर द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये. बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, दम लागला, छातीत दाटलं तर थेट 108. मधुमेहात हृदयविकाराचा झटका न दुखताही येऊ शकतो.

‘वय झालं, चालायचंच’ हे वाक्य ऐकलं की आता मला खरंच राग येतो. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं, तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

आईच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या, पण प्रश्न सुटलेला नाही. ती आडवी असते तेव्हा बीपी चढं, उभी राहिली की उतरतं. दोन्ही सांभाळताना डॉक्टरांचीही कसरत होते. सध्या पलंगाची उशाकडची बाजू उंच केली आहे. उठताना ती आधी कडेवर पाय सोडून बसते, पावलं वरखाली हलवते, मगच उभी राहते. आठवड्यातून दोनदा मी तिचं आडवं आणि उभं, दोन्ही बीपी वहीत मांडतो.